तुमच्या हवामान ॲपला सावली दिसत नाही : शनिवार पेठेत झाडं नक्की कुठे लावायची?

मे महिन्यातल्या दुपारी फोन उघडला की हवामान ॲप समजा ३९ अंश दाखवतं. कोथरूडला उभे असाल तरी ३९, शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात तरी ३९, आणि जंगली महाराज रस्त्यावरच्या जुन्या झाडांखाली तरी ३९च. प्रत्यक्षात या तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं उभं राहून बघा. पटांगणात डोकं भणभणायला लागतं आणि जंगली महाराज रस्त्यावर आरामात चहा पिता येतो.

ॲप खोटं बोलत नाही. हवेचं तापमान खरोखरच जवळपास तेवढं असतं. पण आपल्याला जाणून घ्यायचं असतं ते वेगळं : आत्ता या रस्त्यानं चालत गेलो तर भाजून निघेन का? हे ठरतं मुख्यतः सावलीवर, आणि सावलीचा रकाना त्या ॲपमध्ये नाही.

दर वर्षी ५ जूनच्या आसपास झाडं लावायच्या मोहिमा सुरू होतात, आकडे जाहीर होतात, सेल्फी येतात. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, शनिवार पेठेत राहतो, आणि दिवसभर डेटाशीच खेळतो. त्या सवयीनं मला वाटतं की आपण चुकीची गोष्ट मोजतोय. शहर थंड ठेवायचं असेल तर झाडांच्या संख्येपेक्षा सावलीचे चौरस मीटर मोजायला हवेत, तेही माणसं जिथून चालतात तिथले. कसे, ते एकेक करून बघू.

ॲपमधला आकडा येतो कुठून?

हवामान खात्याचं तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत ठेवलेलं असतं. पेटी मोकळ्या जागेत, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर. झडपांमधून हवा खेळते, पण ऊन आत येत नाही. म्हणजे बातम्यांमधलं ३९ अंश हे मुळातच सावलीतलं तापमान आहे. उन्हात उभ्या माणसाला काय सोसावं लागतं, ते त्यात धरलेलंच नाही.

ॲपमधला अंदाज मात्र कॉम्प्युटर मॉडेलमधून येतो. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एक तापमान देतं. पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधी तो १२ किलोमीटरचा होता. देशाच्या हवामानासाठी ही मोठी झेप आहे. पण ६ गुणिले ६ म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. पुण्याच्या सगळ्या पेठा आणि वर डेक्कन, एवढं एका चौकोनात आरामात मावतं. त्यात एका गल्लीतलं एक झाड शोधणं म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या वीजबिलावरून तुमच्या खोलीतला पंखा चालू आहे का ते ओळखणं.

मग सॅटेलाइट? उपग्रहाचे लाल-पिवळे ‘हीट मॅप’ तुम्ही बघितले असतील. त्यातले बरेच लँडसॅट उपग्रहांच्या डेटावर बनतात. त्याच्या उष्णता मोजणाऱ्या सेन्सरचा एक ठिपका साधारण १०० मीटर बाय १०० मीटर असतो. शनिवार पेठेत एवढ्या जागेत पंधरा-वीस इमारतींची छपरं, दोन-तीन गल्ल्या, एखादं देऊळ आणि चार झाडं मिळून एकच रंग तयार होतो. शिवाय हे उपग्रह आपल्याकडून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातात आणि वरून बघतात, म्हणजे त्यांना दिसतात ती मुख्यतः छपरं. आपण चालतो खाली, दुपारी तीन वाजता. कोथरूड आणि पेठांची तुलना करायला हे नकाशे उत्तम आहेत. पण झाड गल्लीच्या कुठल्या टोकाला लावायचं, हे त्यावरून ठरवता येत नाही.

झाड नेमकं करतं काय?

तीन कामं करतं.

पहिलं, ऊन अडवतं. भर दुपारी दर चौरस मीटरवर जवळपास १००० वॅट ऊर्जा पडते. म्हणजे चटईएवढ्या जागेवर एक इस्त्री चालू आहे असं समजा. दाट झाडाखाली त्यातला थोडासाच भाग पोचतो. शिवाय खालचा डांबरी रस्ताही तापत नाही. उन्हातलं डांबर मे महिन्यात ६० अंशांपर्यंत जातं आणि खालून भट्टीसारखी धग मारतं.

दुसरं, पाणी हवेत सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.६८ युनिट उष्णता लागते. मोठं झाड, मुळाशी पुरेसं पाणी असेल तर, दिवसाला १०० लिटर पाणी सहज सोडू शकतं. म्हणजे ६८ युनिट उष्णता आसपासच्या हवेतून आणि उन्हातून खर्ची पडते. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं बारा-तेरा तास चालवला तर तो खोलीतून साधारण एवढीच उष्णता बाहेर काढतो. फरक असा, की एसी ती उष्णता, वर स्वतः खाल्लेली वीज, गल्लीत सोडतो. झाड तसं करत नाही.

तिसरं काम लक्षात येत नाही, पण महत्त्वाचं आहे. पत्र्याची शेडही सावली देते, मग पत्र्याखाली जीव का घाबरतो? कारण पत्रा स्वतः तापतो आणि वरून आपल्यावर उष्णता फेकतो. पान पाणी सोडत असल्यामुळे हवेपेक्षा फार तापत नाही. म्हणून झाडाची सावली आणि पत्र्याची सावली एक नाही. पेठेत पत्र्याच्या खोलीत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही हे विचारा.

आता एक इशारा. झाडं लावली की पुणं पाच अंशांनी थंड होईल, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ साली युरोपातल्या ९३ शहरांचा एक अभ्यास आला होता. शहराचा ३० टक्के भाग झाडांनी झाकला तर हवेचं तापमान सरासरी ०.४ अंशानं उतरेल, असा त्याचा हिशोब होता. फक्त ०.४! पण तेवढ्यानंही २०१५ च्या एका उन्हाळ्यातले २,६४४ अकाली मृत्यू टळले असते, असं त्याच अभ्यासात आहे. हा झाला अख्ख्या शहराच्या हवेचा हिशोब. थेट सावलीत उभ्या माणसाला मिळणारा आराम त्याहून कितीतरी मोठा असतो, पण तो त्या झाडाच्या घेरापुरताच. म्हणून झाड कुठे आहे, हाच खरा प्रश्न.

शून्य सावलीच्या दिवसात गल्लीचं काय होतं?

पुण्यात दर वर्षी १३ मेच्या आसपास ‘शून्य सावली दिवस’ येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते. इन्स्टाग्रामवर त्याचे रील येतात. पण या दिवसात पेठेतल्या गल्ल्यांचं गणितही बदलतं, त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

मे महिन्यात सूर्य आपल्याकडे जवळपास पूर्व-पश्चिम सरळ रेषेत डोक्यावरून जातो. आता एक गल्ली घ्या : रुंदी ६ मीटर, दोन्ही बाजूंना १२ मीटर उंच, म्हणजे साधारण चार मजली इमारती.

गल्ली उत्तर-दक्षिण असेल, तर सकाळी पूर्वेच्या इमारतींची आणि दुपारनंतर पश्चिमेच्या इमारतींची सावली पडते. मी हिशोब केला : मेच्या मध्यात अशा गल्लीत साधारण १०.४० ते २.२० एवढा वेळ सोडला, तर रस्ता पूर्ण सावलीत असतो. दुपारी ३ वाजता पश्चिमेच्या इमारतीची सावली ८ मीटरपेक्षा लांब पडते, म्हणजे अख्खी गल्ली झाकून समोरच्या भिंतीवर चढते.

तीच गल्ली पूर्व-पश्चिम असेल, तर सूर्य गल्लीच्या लांबीवरूनच प्रवास करतो. दुपारी ३ वाजता त्याच १२ मीटर उंच इमारतीची सावली एक मीटरसुद्धा पडत नाही. जवळजवळ दिवसभर ऊन, आणि दोन्ही भिंती त्या उन्हात नसल्या तरी खालचा रस्ता तापतच राहतो.

आता नकाशा उघडा. बाजीराव रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम. शनिवारवाड्यापासून ओंकारेश्वर साधारण पश्चिमेला आहे, त्यामुळे तिकडे चालत जाणाऱ्याला दुपारी इमारतींचा फार आधार मिळत नाही. त्याच वेळी मेहुणपुऱ्याच्या बाजूला एखाद्या अरुंद उत्तर-दक्षिण बोळात वळलात तर एकदम हायसं वाटतं. जुन्या पेठांची अरुंद गल्ली ही मुळातच सावलीची सोय आहे. तिथे आधीच जे आहे त्यासाठी झाड लावायची गरज नाही. उलट फार अरुंद गल्लीवर फांद्यांचं छत पूर्ण बंद झालं, तर रात्रीची उष्णता आणि गाड्यांचा धूर खाली अडकून राहतो.

म्हणजे प्राधान्य आपोआप ठरतं : पूर्व-पश्चिम रस्ते, रुंद चौक, बसस्टॉप, सिग्नल आणि शाळांची दारं. इथे भिंती कामाला येत नाहीत. आडवं छत लागतं, म्हणजे झाडच.

४० लाख झाडं, पण सावली किती?

पुणे महापालिकेनं जीपीएस वापरून झाडांची गणना केली. २०१९ पर्यंत सुमारे ४० लाख झाडांची नोंद झाली आणि तो डेटा लोकांसाठी खुला केला गेला. भारतातल्या फार कमी शहरांनी एवढं केलंय, त्याचं कौतुक करायलाच हवं. प्रत्येक झाडाचं नाव, जागा, उंची, खोडाचा घेर, प्रकृती आणि फांद्यांच्या पसाऱ्याचा व्यास त्यात आहे.

शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ शाळेत शिकलोय आपण. पसारा १० मीटर असलेलं झाड ७८ चौरस मीटर सावली देतं. २ मीटर पसाऱ्याचं झाड फक्त ३ चौरस मीटर. म्हणजे एका मोठ्या झाडाची सावली भरून काढायला छोटी २५ झाडं हवीत. पण मोजणीत मोठं झाडही एक आणि छोटंही एक. शिवाय पुण्याच्या यादीत सर्वाधिक संख्या गिरिपुष्पाची आहे, आणि ती झाडं पेठेतल्या रस्त्यांवर नाहीत, मुख्यतः टेकड्यांवर आहेत. टेकडीवरचं झाड हवंच, पण अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला उभ्या पोराला त्याची सावली मिळत नाही.

सरकारी मोहिमांचंही तेच. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला २ कोटी झाडं लावायची मोहीम झाली, मग २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी असं लक्ष्य वाढत गेलं. ५ जून २०२४ पासून केंद्राची ‘एक पेड माँ के नाम’ मोहीम सुरू आहे, त्यात रोपासोबतचा फोटो अपलोड करता येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हे ‘इन्स्टॉल’ मोजणं झालं. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हे कुणीही सांगतं. तीन महिन्यांनी किती जण ते उघडतात, ते विचारलं की मीटिंगमध्ये शांतता पसरते. रोपाचा फोटो पहिल्या दिवशी नको, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर हवा.

कायद्यात मात्र २०२१ साली एक चांगला बदल झाला. राज्याच्या १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून ५० वर्षांवरच्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’ म्हटलं गेलं. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, ती सहा ते आठ फुटांची हवीत, जिओटॅग करायची आणि सात वर्षं सांभाळायची. वय धरलं म्हणजे जुन्या झाडाची किंमत निदान ओळखली. पण पेठेत जागा नसली की बदली झाडं लांब कुठेतरी लागतात. कागदावर ६० झाडं वाढतात आणि चौकातली ७८ चौरस मीटर सावली कायमची जाते. पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या वाटेवरून गेलेली ही सावली कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

जमिनीखाली जागा आहे का?

इथे मला विरोधी बाजूही मांडायची आहे, कारण ती खरी आहे. शनिवार पेठेत रस्त्याखाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज आणि इंटरनेटच्या केबल, गॅसची पाइप एवढं सगळं कोंबलेलं आहे. वर दोन्ही बाजूंना पार्किंग. जुन्या वाड्यांच्या चौकात औदुंबर, पारिजातक असायचे. वाडे पाडून इमारती झाल्या तशी ती माती पार्किंगच्या फरशीखाली गेली. झाड लावा म्हणणं सोपं आहे, खड्डा कुठे घ्यायचा ते सांगणं अवघड.

त्यामुळे सगळ्यात स्वस्त आणि पहिलं काम म्हणजे जी झाडं आहेत ती वाचवणं. काँक्रीट रस्ता करताना सिमेंट थेट बुंध्यापर्यंत आणलं जातं. पाणी आणि हवा मुळांपर्यंत जात नाही. केबलसाठी खोदताना मुळं तुटतात आणि वळवाच्या वाऱ्यात झाड गाडीवर पडतं. मग सगळे म्हणतात, झाडं धोकादायक आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर माती, एवढंच.

आपल्या पूर्वजांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. शनिपार, नागनाथ पार, शिंदे पार ही नावं आपण रोज पत्ता सांगताना वापरतो. पार म्हणजे झाडाभोवती बांधलेला ओटा. मुळांना संरक्षण, माणसाला बसायला जागा आणि डोक्यावर सावली, तिन्ही एका बांधकामात. आज दोन पार्किंगच्या जागा देऊन एका चौकात असा एक पार झाला, तर त्याचा उपयोग दिवसाला किती माणसांना होईल, हा हिशोब करून बघायला हरकत नाही.

दुसरं, झाड निवडताना कॅलेंडर बघायचं. सावली हवी एप्रिल-मेमध्ये. बहावा तेव्हा पिवळ्या फुलांनी सुंदर दिसतो, पण पानं फार थोडी असतात. गुलमोहरही उन्हाळ्याचा बराच काळ उघडा असतो, आणि त्याच्या फांद्या वादळात लवकर मोडतात. करंजाला मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी येते आणि ऐन उन्हात तो दाट असतो. बकुळ बारमाही हिरवी, आटोपशीर, फक्त हळू वाढते. वड-पिंपळाला भरपूर मोकळी जागा लागते, भिंतीलगत लावले तर भांडणं ठरलेली.

आणि जिथे खड्डा घेणं शक्यच नाही तिथे? स्पेनमधल्या सेव्हियात उन्हाळ्यात अरुंद बाजाररस्त्यांवर इमारतींच्या मधे कापडी छतं ताणतात. आपण गणपतीत दहा दिवसांसाठी भर रस्त्यात मांडव घालतो, त्यामुळे हे तंत्र पुण्याला शिकवायची गरज नाही. कापड पानासारखं पाणी सोडत नाही, पण ऊन अडवतं.

तुमच्या फोनवर काय करता येईल?

१. होकायंत्र उघडा आणि तुमच्या रोजच्या रस्त्याची दिशा बघा. पूर्व-पश्चिम असेल आणि झाडं नसतील, तर तो तुमच्या भागातला प्राधान्याचा रस्ता.

२. शेडमॅपसारख्या वेबसाइटवर तारीख आणि वेळ टाकली की इमारतींची सावली कुठे पडेल ते दिसतं. पेठेतल्या सगळ्या इमारतींची उंची त्यात बरोबर असेलच असं नाही, पण अंदाज येतो. बार्सिलोनात तर ‘कूल वॉक्स’ नावाचं टूल सावलीतला रस्ता शोधून देतं.

३. ३-३०-३०० हा नियम लावून बघा : घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांनी झाकलेला असावा, ३०० मीटरच्या आत बाग असावी. माझ्या खिडकीतून एक झाड दिसतं. वर्तक बाग जवळ आहे, म्हणून तिसऱ्या अटीत पास. ३० टक्क्यांच्या जवळपासही पेठ नाही, हे गच्चीवर गेलं की डोळ्यांनीच कळतं.

४. झाडावर तोडण्याची नोटीस दिसली तर फोटो काढा आणि दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवा. बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं असेल तर ‘पीएमसी केअर’ ॲपवर तक्रार टाका.

५. लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्या. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरचं प्रत्येक झाड नकाशावर आहे आणि आपण त्याला पाणी घातलं याची नोंद नागरिक स्वतः करतात. आपल्याकडे नकाशा आहे, नोंद करायची सोय तेवढी जोडायची आहे. एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजचा फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून हे सहज होण्यासारखं आहे.

पालिकेकडे मागणीही एकच आणि साधी ठेवू या. दर वर्षी झाडांची संख्या जाहीर करताना प्रत्येक पेठेतल्या रस्त्यांवर किती चौरस मीटर सावली आहे, आणि ती गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, हेही जाहीर करा. पसाऱ्याचा रकाना डेटात आहेच, एक गुणाकार आणि एक बेरीज करायची आहे. आणि कायद्यानुसार दर पाच वर्षांनी गणना करायचीच असते, तेव्हा ताजे आकडेही मिळत राहतील.

उन्हाळा दर वर्षी येणार आहे. एसी घेणं ज्याला परवडतं तो घेईल आणि त्याची गरम हवा गल्लीत सोडेल. डिलिव्हरीवाला, मेसपर्यंत चालत जाणारा विद्यार्थी, चौकात उभा वाहतूक पोलीस आणि भाजी घेऊन परतणाऱ्या आजी यांना परवडणारी एकच गोष्ट आहे, रस्त्यावरची सावली. ती किती आहे हे निदान मोजायला तरी सुरुवात करू या.